पिवळी गोळी

सहकारी डॉक्टर पल्लवी रजेवर गेली म्हणून त्या दिवशी ॲलर्जीच्या ओपीडीत वेदिका बसली, नाहीतर मखमलाबादचा फुलशेतीवाला कुंदन तिच्यासमोर आलाच नसता. ओठ सुजलेला, अंगभर पित्तासारख्या गांधी उठलेल्या. दाढदुखीसाठी मेडिकलवाल्याने तीन प्रकारच्या गोळ्या पाकिटातून कापून पुडीत दिल्या होत्या, नावं कापण्यातच गेली होती.

कोणकोणत्या, तिने चिडून विचारलं.

“एक पांढरी, एक पिवळी, एक कॅप्सूल.” मग जरा थांबून, “मॅडम… रागावलात की नाकाचा शेंडा लाल होतो तुमचा.”

तिने हसू दाबलं आणि बजावलं – उरलेल्या गोळ्यांना हात लावू नका, दुकानातून नावं आणा, दीड महिन्याने तपासणी करू.

तो तिसऱ्याच आठवड्यात तिला शोधत हजर, हातात वही. तिन्ही गोळ्यांची नावं, खाली नोंदी. सोमवारी पांढरी, काही नाही. बुधवारी कॅप्सूल, काही नाही. शुक्रवारी पिवळी… वीस मिनिटांत गांधी, मग श्वास अडकला. शेजारच्या साळूबाईंनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं म्हणून वाचला.

नवीन औषध आम्ही आधी शेवंतीच्या एकाच सरीवर मारून बघतो, तसंच केलं, तो म्हणाला.

वेदिकाने वही मिटून टेबलावर आपटली. अशी चाचणी आम्हीही करतो, पण कणाकणाने, आणि उशाशी इंजेक्शन भरून. बोलता बोलता तिचा आवाज इतका चढला की बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावू लागली.

“सरी जळली तर दुसरी लावता. तुमच्या जागी काय लावायचं होतं?”

“दीड महिना लय लांब होता…” तो खाली बघत म्हणाला. “उत्तर घेऊन आलो तर लवकर भेटाल, असं वाटलं.”

यावर ती जास्तच भडकली. पिवळ्या गोळीचं नाव तिने कार्डावर लाल शाईने लिहिलं, इतकं दाबून की मागे उमटलं. हे कायम खिशात ठेवायचं. तपासल्याशिवाय दुसरी कुठली पेनकिलरही नको. आणि यापुढे पल्लवी तुम्हाला बघेल.

त्याचा चेहरा उतरला. “तुम्ही नाही?”

“ज्याचा एवढा राग येतो, त्याला मी तपासू शकत नाही.”

कार्डावर शेवटची ओळ उरली होती – तातडीच्या वेळी कोणाला कळवावे. त्याने आईचा नंबर सांगितला. तिने तो लिहिला, आणि खाली आणखी एक.

“हा कोणाचा?”

“माझा,” नाकाचा शेंडा लाल करून ती म्हणाली. “याला फोन करायला तातडी लागत नाही.”