कोट रोज नवा, चप्पल तीच

"चष्मे विकतेस म्हणून तुला माणसंही दिसतात असं समजू नकोस," आत्याने बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. "आत्या, मला नुसती चप्पल दाखव. घर सांगते."

मग तो आला. ओल्या दुपारी दुकानाचं दार ढकलत, चष्म्याची सुटलेली काडी हातात धरून. अंगात मऊ, उंची कोट, खिशावर रेशमाने भरलेली अक्षरं. स्क्रू बसवताना तिने मनाशी ठरवलं, घरंदाज दिसतोय. कुणाचं तरी बारीक लक्ष आहे याच्यावर. लग्न झालेला असणार... आणि उगाचच हिरमुसली. पायात मात्र झिजलेली चप्पल. कोटाशी तिचा सुतराम संबंध नाही.

पुढच्या आठवड्यात तोच स्क्रू ढिला. या वेळी पेट्रोलचा वास येणारं चामड्याचं जाकीट. त्यानंतर वकिली काळा कोट. चप्पल तीच, भिंगावर फुंकर मारून बावळटासारखं हसणंही तेच. आणि बसल्या बसल्या कोपर दुमडायची, हात ताणायची ती विचित्र खोड.

"अंग दुखतंय का?"

"नाही... सवय आहे."

"तुम्ही करता तरी काय?"

"ओळखा. माझ्या चपलेकडे कधीच्या बघताय."

"परवा मेकॅनिक वाटलात. आज वकील."

"आणि बरा कोणता वाटला?"

तिच्या हातातला स्क्रू घरंगळला.

रोज रात्री घरी केस विंचरताना ती गोंधळून जाई. आपल्याला नक्की आवडतंय तरी कोण? आणि बाकीचे दोघं तेव्हा कुठे जातात?

आताही ती दुकानात खाली वाकून स्क्रू शोधत होती, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरच्या गिऱ्हाईक आजींनी नवा चष्मा डोळ्यांना लावला आणि पहिलं काय दिसलं, तर त्याचा काळा कोट. "अरे, हा तर आमच्या जावयाचा. हे बटण मीच लावलंय, दोरा बघ."

तो कानापर्यंत लाल झाला. "मी रफूगार आहे, मागच्या गल्लीत. विरलेलं कापड विणलं की अर्धा दिवस अंगात घालून हिंडतो. ताण पडल्यावरच कळतं, धागा टिकतो का ते."

"आणि स्क्रू?"

"तो... मीच ढिला करायचो."

"जावयाचं मी बघते," आजी म्हणाल्या. "तू हिच्याशी बोल."

"मग तुमचं स्वतःचं असं काय आहे?" तिला नको होती एवढी धार आली आवाजाला.

"उद्या माझ्या कपड्यांत येतो," तो हळूच म्हणाला. "मग बघा."

तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फसवून गेला? की आपणच दुखावलं? तिला आता एकही कोट धड आठवेना. भिंगावरची फुंकर तेवढी आठवत होती. भर दुपारी शटर ओढून ती मागच्या गल्लीत गेली.

तो खिडकीशी बनियनवर बसला होता, मांडीवर कोपरात फाटलेला शर्ट. "लोकांचं विणता विणता याच्याकडे बघायचंच राहिलं. कापडच जीर्ण झालंय, धागा धरत नाही. तुमच्यासमोर जरा बरा दिसावा म्हणून—"

"घाल तो."

"फाटकाच?"

"फाटकाच."

तो अंग चोरून उभा राहिला. बाहीतून डोकावणाऱ्या कोपराला तिने बोट लावलं. त्याने श्वास रोखला.

"आता कळलं, मी कोण ते?"

"नाही," ती खरं तेच बोलली. "पण उद्यापासून हाच ये. दुसरा कुणी नकोय मला."

म्हणून सांगते, येतो म्हणालेलं कुणी तुमच्याकडे आलं नसेल, तर मनात भलतंसलतं आणत बसू नका. जरा जाऊन बघा त्याला. अंगात घालायला धड शर्ट आहे का, तेवढं तरी विचारा.