शेजारच्या सीटकडे

दुपारच्या जेवणानंतर आमच्या गॅरेजात सहसा कुणी गाडी आणत नसे. पत्रा तापलेला असायचा, सोल्डरचा आणि जुन्या ऑइलचा वास जड होऊन खाली बसायचा. मी स्टुलावर बसून कुठल्यातरी गाडीच्या वायरींचा गुंता सोडवत असायची. इंजिनं ह्यांची, वायरी माझ्या, अशी आमची लग्नापासूनची वाटणी. हे गेल्यावर इंजिनं बंद झाली, वायरी चालू राहिल्या. आज तिथे काचेचं दुकान उभं आहे, पण डोळे मिटले की कुठला पाना कुठल्या खिळ्याला लटकत होता ते मी अजून सांगेन.

त्या दुपारी भाऊजींची गाडी आली. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. ते जाऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. गाडी त्यांचा जावई चालवत होता. शेजारी त्याची बायको, माझी पुतणी, आमची बारकी. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. असं बसलेलं मोठं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

गाडीचा पुढचा दिवा फुटला होता, बंपर आत गेला होता.

"काय गं बारके, भिंतीचा पापा घेतलास का?"

ती हसली नाही.

"तिलाच विचारा," जावई म्हणाला. "मी चालवतोय आणि ही मधेच स्टिअरिंग ओढते. वडील गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही हिचं."

"मी हात लावला नाही, काकू."

"मग काय गाडीला स्वतःची अक्कल फुटली?"

ह्याच गाडीवर भाऊजींनी बारकीला चालवायला शिकवलं होतं. शेजारी बसायचे आणि स्टिअरिंगच्या कडेवर नुसती दोन बोटं टेकवून ठेवायचे. "मी आहे. तू फक्त पुढे बघ."

"काकू, तुम्ही तपासा," जावई म्हणाला. आवाज मऊ, लोण्यासारखा. "गाडीत दोष निघाला तर मी हिची माफी मागेन. नाही निघाला, तर हिला तुमच्याकडेच ठेवून जातो. मला माझा जीव प्यारा आहे."

मागच्या सीटवर बारकीची बॅग होती. चेन लागत नव्हती इतकी भरलेली. तपासाआधीच निकाल लावून आला होता गडी.

माझा पहिला संशय त्याच्यावरच गेला. ह्यानेच काहीतरी खुडबुड केली असणार. मी बॅटरी पाहिली, ठणठणीत. फ्यूज शाबूत. अर्थिंगचा बोल्ट घासून पाहिला, गंजाचा ठिपका नाही. वायरी जोडणारे कपलर उघडले, पिना कोरड्या आणि लख्ख. स्टिअरिंगखालच्या कव्हरच्या स्क्रूंवर पेचकस लागल्याची खूणसुद्धा नव्हती. संशय तिथे लंगडा पडला, पण मेला नाही.

उरला सेन्सर. विजेवरच्या स्टिअरिंगच्या दांड्यात तो बसवलेला असतो. आपला हात किती जोर लावतोय ते तो मोजतो आणि तेवढी मदत मोटर करते. सेन्सर बिघडला तर हात न लावताही मोटर ओढायला लागते. तसं निघालं असतं तर बारकी खरी ठरली असती. मी मनातल्या मनात सेन्सर बिघडलेलाच असू दे म्हणत होते.

त्यातून दोन वायरी निघतात. जोर पडला की एकीचा आकडा चढतो, दुसरीचा तेवढाच उतरतो. सेन्सर खोटं बोलत असला तर दोघींचा मेळ बसत नाही. म्हणून मी नेहमी एकाच वेळी दोन मीटर लावायची. तसेच लावले आणि लांब वायरींनी बाहेर स्टुलावर आणून ठेवले. चावी फक्त फिरवलेली, इंजिन बंद. म्हणजे सेन्सर जागा, मोटर झोपलेली.

रिकाम्या गाडीत दोन्ही आकडे सारखे होते.

"बसा जावईबापू. तुमच्याबरोबर होतं ना, मग तुम्हीच बसा."

तो स्टिअरिंगसमोर बसला. बारकीला मी माझ्याजवळ उभं केलं आणि तिचं मनगट धरून ठेवलं. खरं सांगायचं तर तिच्यावरही माझा पूर्ण विश्वास नव्हता.

एक आकडा चढला. दुसरा उतरला.

"हात सोडा."

"सोडलेच आहेत."

उघड्या दारातून मला दिसत होतं. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

मी मीटरांची अदलाबदल केली. वायरी पुन्हा खोचल्या. तेच. दोन्ही आकड्यांचा मेळ चोख बसत होता. सेन्सर खोटं बोलत नव्हता. स्टिअरिंगवर जोर पडत होता, शेजारच्या सीटकडे.

शेजारची सीट रिकामी होती.

जोर सुटला. पुन्हा पडला. पुन्हा सुटला. दर वेळी आधीपेक्षा कमी. दमलेल्या माणसाने ओढावं तसा.

भाऊजींना छातीत कळ आली तेव्हा जावईच त्यांना ह्या गाडीतून दवाखान्यात घेऊन निघाला होता. शेजारच्या सीटवर झोपेतच गेले, शांतपणे गेले, असं त्याने सांगितलं. आम्हीही तेवढ्यावर समाधान मानलं होतं.

"जावईबापू," मी मीटरवरून नजर न काढता विचारलं, "त्या दिवशी वाटेत गाडी थांबवली होतीत?"

आकडा किंचित हलला.

"थांबून काय उपयोग होता?" तो एकदम म्हणाला. "दवाखाना पुढेच होता. ते सारखे थांब, थांब करत होते. स्टिअरिंगच धरायला लागले. मी हात झटकला नसता तर दोघंही गेलो असतो!"

बारकीचं मनगट माझ्या मुठीत गार पडलं.

"झोपेत गेले म्हणाला होतात ना?" ती म्हणाली.

तो उतरला. दोन्ही आकडे सारखे झाले. त्याने चावी मागितली नाही, बॅगेकडे पाहिलं नाही. फाटकाबाहेर पडला आणि चालायला लागला.

बारकीने माझ्या मुठीतून मनगट सोडवून घेतलं. मग गाडीत शिरली आणि वडिलांच्या स्टिअरिंगसमोर बसली. मी मीटर पाहिले. आकडे सरकले होते, पण जेमतेम. ओढ नव्हती. नुसतं टेकल्याएवढं वजन.

कुठल्यातरी कामाला हात घालायला हवा होता, म्हणून मी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडला. सेन्सर शून्यावर आणून टाकावा आणि हे प्रकरण मिटवावं. शून्य करताना स्टिअरिंग मोकळं लागतं, नाहीतर सेन्सर हाताचं वजनच शून्य धरून बसतो. मी दारातून वाकून एका हातात बारकीचे हात धरले आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने स्कॅनरचं बटण दाबलं.

पडद्यावर सूचना आली. स्टिअरिंगवरचा हात काढा.

मी पुन्हा दाबलं.

स्टिअरिंगवरचा हात काढा.

"काय म्हणतंय, काकू?" बारकीने विचारलं.

तिचे दोन्ही हात माझ्या हातात होते.