पाठमोरा खलाशी

ती दालनात शिरली तेव्हा कप्तानाचं नाक ओघळत त्याच्या कोटाच्या तिसऱ्या बटणापर्यंत आलं होतं.

महिनाभर खपून केलेलं मेणाचं नाक! ध्रुवाकडे निघालेली आणि बर्फात अडकून बुडालेली दोन जहाजं संग्रहालयात मांडायची होती. त्यांवरच्या माणसांचे पुतळे करायचं काम हिच्याकडे होतं. कापसाचा बर्फ, गोठून मेलेला कप्तान... आणि शिडीवर चढून, त्याच्या तोंडावर भलामोठा दिवा रोखून शीळ घालणारा कुणी अनोळखी माणूस.

"अहो दिवेवाले! माणूस गारठून मेलाय, आणि तुम्ही त्याला भाजताय?"

त्यानं खाली बघितलं. आधी नाकाकडे, मग तिच्याकडे. तिच्याकडे जरा जास्तच वेळ.

"सर्दी झाली असेल हो त्याला."

तिनं फेकलेली कोरणी शिडीच्या पायरीत अशी रुतली की आजही निघत नाही. खोटं वाटत असेल तर जाऊन ओढून बघा.

"माफ करा ना, मेणबाई—"

"मेणबाई कुणाला म्हणता?"

"चुकलंच. मेण इतकं तापल्यावर विरघळतं तरी."

मग रोज भांडण. दिवा डावीकडे की उजवीकडे, शिडी कुठे ठेवायची, शीळ का घालायची. तो चहा आणून द्यायचा. ती नको म्हणायची आणि कप रिकामा परत करायची. तो शिडीवर पाठमोरा असला की हिची कोरणी थांबायची... त्यानं वळून बघितलं की हिला लगेच भांडण सुचायचं.

आणि एके दिवशी तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. निरोप नाही, काही नाही.

एक पुतळा उरला होता—सोबत्यांना बर्फावर टाकून, होडी घेऊन एकटाच पळालेला खलाशी. तो तिनं एका दमात केला. त्या दिवशी मेण पातळ करायला शेगडी पेटवावीच लागली नाही, नुसतं तिनं बघितलं, असं पहारेकरी अजून सांगतो. खलाशाला तिनं होडीत बसवलं, हातात वल्ही दिली आणि त्याची पाठ केली जहाजाकडे, म्हणजे बघायला येणाऱ्या लोकांकडेही.

"तोंड दाखवायची लायकी नाही याची," ती संग्रहालयाच्या साहेबांना म्हणाली.

उद्घाटनाच्या सकाळी, दारं उघडायच्या आधी, तो हजर! काखेत खोकं, सोबत आई.

"गार दिवे," तो धापा टाकत म्हणाला. "इथे मिळेनात, पार परगावाहून आणले. आता नाक जागचं हलायचं नाही."

"सांगून जाता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, गेलात तर बरंच."

हे इतकं खरं होतं की ती जास्तच भडकली. तेवढ्यात जहाजाच्या कठड्यापाशी आई ओरडली.

"अगं बाई! हा माझा मुलगा इथे काय करतोय?"

"आई, नुसती पाठ आहे. कुणाचीही असेल."

"आणि कानामागची ही खोक? झोपाळ्यावरून पडलास तेव्हाची. केसांखाली झाकलेली असते. मला ठाऊक आणि तुझ्या न्हाव्याला." आई गर्रकन वळली. "तिसरी तू कोण गं?"

मेणबाईच्या कानांपर्यंत रंग चढला.

"आणि पाटीवर काय? सोबत्यांना टाकून पळालेला! अगं, मांजर जेवल्याशिवाय घास घेत नाही माझा पोरगा!"

"पळालेच ना पण!" तिचा आवाज दालनभर घुमला. "नाकाचं काय घेऊन बसलात! नाक मी दुसरं केलं असतं. हे गेले... हे न सांगता गेले, त्याचं—"

आणि ती थांबली. फार उशिरा थांबली.

तो होडीपाशी जाऊन बसला. खलाशाकडे बघत राहिला.

"चुकीचा बसवलात."

"मला शिकवू नका!"

"वल्ही ओढणाऱ्याची पाठ जिकडे, होडी तिकडे जाते. याची पाठ जहाजाकडे आहे." तो हळूच म्हणाला, "हा पळत नाहीये, मेणबाई... परत येतोय."

साहेब धावत आले. "चुकलंय? मग फिरवा लवकर, लोक बाहेर उभे आहेत!"

"हात लावून तर बघा कुणी!" ती कडाडली. पाटी काढून तिनं दिवेवाल्याच्या हातात कोंबली. "ही नवी करून आणायची. आणि यापुढे जाताना सांगून जायचं. दर वेळी."

"आणि येताना?"

"येताना..." तिनं ओठ घट्ट मिटून राग धरून ठेवायचा प्रयत्न केला. "येताना तोंड माझ्याकडे करून यायचं."