अठ्ठ्याण्णव गुणांचं कोडं

"शंभरपैकी अठ्ठ्याण्णव!" आजोबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कस्तुरी, आपला सवंगडी हरला गं."

अकरा वर्षांच्या कस्तुरीचे डोळे भरून आले. सवंगडी हे आजोबांनी तीस वर्षांपूर्वी घडवलेलं बुद्धिबळ-इंजिन (चाली शोधणारा संगणक-प्रोग्रॅम). सांगली जिल्ह्यातली कितीतरी मुलं वाचनालयात त्याच्याकडूनच खेळ शिकली होती. आता, २०५१ साली, 'तेजस' नावाचं नवं इंजिन आलं होतं. दोघांपैकी कोणाला ठेवायचं हे ठरवायचं काम वाचनालय समितीने डॉ. चौगुल्यांवर, म्हणजे आजोबांवरच सोपवलं होतं.

परीक्षा कडक होती. शंभर अवघड स्थिती (डाव मध्येच थांबवावा तशा मांडलेल्या सोंगट्या), आणि प्रत्येकीत जिंकून देणारी एकच चाल. आजोबांचे हात थरथरत, म्हणून सोंगट्या कस्तुरी मांडायची. वरचा कॅमेरा पट बघायचा.

"यांत एवढं अवघड काय असतं?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"समज, वजीर फुकट दिला की चार चालींत मात होते. पण वजीर देणं आधी वेडेपणाचंच दिसतं ना? इंजिन चालींचं झाड बघतं. एका चालीला तीस उत्तरं, त्या प्रत्येकाला पुन्हा तीस. सगळ्या फांद्या बघायला वेळ कुठला? म्हणून वाईट दिसणारी फांदी ते छाटून टाकतं. आणि कधीकधी नेमकी तिच्याच टोकाला मात दडलेली असते."

सवंगडीला एकसष्ट गुण मिळाले होते, तेजसला अठ्ठ्याण्णव.

"एकदाच पुन्हा बघू या ना, आजोबा."

कस्तुरीने भरल्या डोळ्यांनीच सतरावी स्थिती मांडली. तेजसने चाल सांगितली. साफ चुकीची! मघाशी तर त्याने हीच स्थिती चुटकीसरशी सोडवली होती.

आजोबा पटावर वाकले. "अगं, डावीकडचं सगळं उजवीकडे मांडलंस तू."

कस्तुरी ओशाळली. डावं-उजवं तिचं नेहमीच चुकायचं. वर्गात मुलं त्यावरून हसायचीही. तिने घाईघाईने हात पुढे केला.

आजोबांनी तो धरला. "थांब. हलवू नकोस. आरशात बघितला तर हा डाव बदलेल का?"

तिने विचार केला. "नाही. किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) बांधायचा राहिला नसेल तर सगळं तेच. फक्त बाजू बदलते."

"मग उत्तर?"

"तेही आरशातलंच यायला हवं!"

दोन दिवस खपून दोघांनी शंभरही स्थिती उलट्या मांडल्या. सवंगडीला पुन्हा एकसष्टच मिळाले. तेजसला मिळाले चौतीस.

"म्हणजे त्याने कॉपी केली?"

"नाही गं. या स्थिती जुन्या पुस्तकांतल्या आहेत. शिकवणाऱ्यांनी नकळत त्याच त्याला दाखवल्या असणार. त्याने उत्तरं पाठ केली, युक्ती शिकलाच नाही. म्हणून परीक्षेला नेहमी कोरे प्रश्न (शिकताना कधीच न दाखवलेले) हवेत."

"बिचारा," कस्तुरी म्हणाली. "मीही भूमितीची प्रमेयं अशीच घोकते."

आजोबांनी तेजस घडवणाऱ्या अभियंता इनामदारबाईंना सगळं कळवलं. त्या रागावल्या नाहीत. "बरं झालं, मुलांपर्यंत जाण्याआधीच कळलं," असं म्हणून त्यांनी तेजसला नव्याने शिकवलं. तीन महिन्यांनी परीक्षा झाली ती सवंगडीने स्वतःच्या डावांतून काढलेल्या कोऱ्या स्थितींवर. तेजसला सरळ पटावर एकोणऐंशी मिळाले, उलट्यावर अठ्ठ्याहत्तर.

"आता तो खरंच शिकलाय," कस्तुरी हळूच म्हणाली. "मग सवंगडी बंद?"

"छे! कोरे प्रश्न काढणारा कोणीतरी हवाच की. समितीने त्याला परीक्षक नेमलंय."

त्या संध्याकाळी कस्तुरीने स्वतःच्या अर्धवट राहिलेल्या डावातली स्थिती तेजससमोर मांडली. चार मिनिटं तो चालींच्या फांद्या तपासत राहिला. मग त्याने चक्क हत्ती देऊन टाकला.

"आजोबा, हे बरोबर आहे?"

"मला माहीत नाही. अजून कोणालाच माहीत नाही."

"मग कळणार कसं?"

"खेळून बघायचं," असं म्हणत आजोबांनी खुर्ची पटाजवळ ओढली.