सुतळीवरचं बोट

रेशनकार्डाला आईचा अंगठा लावायचा राहिला होता, एवढ्याच कामासाठी रश्मी गावी आली होती. शहापूरच्या ज्या मेडिकलमध्ये ती कामाला होती तिथून तिने एक दिवसाची रजा काढली, सकाळची मुरबाडची एसटी धरली, किन्हवलीला चहा घेतला आणि उन्हं तापायच्या आत सिद्धगडाच्या पायथ्याच्या आपल्या गावात उतरली. आईला घेऊन रेशनच्या दुकानात गेली तर अंगठ्याचं मशीन बंद. दुकानदार म्हणाला, चारनंतर या. झालं, भर वैशाखातली आख्खी दुपार घरी काढायची वेळ आली, आणि रश्मीला नेमकं तेच नको होतं.

मायलेकी जेवल्या. भांडी आवरली. लाइट गेली तसा पंखा कुरकुरत थांबला, आणि बाहेर चिटपाखरूही बोलेना. आई, सोनूबाई, पडवीकडे बघत हळूच म्हणाली, "आता आवाज करू नको. त्याची यायची वेळ झाली."

"कोणाची?"

"तुझ्या बापाची."

बाप जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. या उंबऱ्याच्या आत कधी भगत आला नव्हता की कधी लिंबू कापलं गेलं नव्हतं. "आई, आपण भुतं मानत नाय," ती म्हणाली.

"मी कुठं भूत म्हणते? भूत नसतं, ते मला पण माहीत हाय. तुझा बाप येतो, एवढंच सांगते."

तर हा बाप, रामा, कोण होता ते आधी सांगितलं पाहिजे. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत त्याची हयात गेली. कंपनीचे शेअर बाजारात आले तेव्हा जुन्या कामगारांनाही थोडे मिळाले. बाकीच्यांनी ते विकले, कोणी गाडी घेतली, कोणी लग्नं लावली. रामाने ठेवले. पुढे साखरेने त्याचे डोळे नेले, नोकरी सुटली, पण गडी मोठा हट्टी. भाव बघता येत नाही ना, मग हाताने बघीन म्हणाला. खोक्यांच्या फळ्या जोडून त्याने पडवीत एक मोठी फळी उभी केली. महिन्याच्या शेवटी बाजार बंद झाला की रश्मी फोनवर बघून भाव सांगायची, आणि रामा चाचपत, शंभर रुपयांना चार बोटं या मापाने, एक खिळा ठोकायचा. खिळ्यांवरून सुतळी ताणलेली. रोज दुपारी तो त्या सुतळीवरून बोट फिरवत बसायचा. चढ आला की हसायचा, उतार आला की मान हलवायचा.

"आजचा भाव काय, ते कोणी पण सांगंल," तो म्हणायचा. "तो कुठून कसा चालत आला, ते आपल्याला कळाय पाहिजे. मागचे उतार ज्याला ठाऊक, तो नव्या उताराला घाबरत नाय."

आणि अशा माणसाला, तीन वर्षांपूर्वी, रश्मीने शहापूरहून फोन करून भाव सांगितला होता, एकशे अडुसष्ट. मागल्या महिन्याचा होता आठशे पंधरा. रामाने दोनदा विचारलं. तिनेही दोनदा बघून तेच सांगितलं. त्याने खिळा ठोकला, सुतळी ताणली, आणि पहाट व्हायच्या आत तो गेला. डॉक्टर हृदयाचं म्हणाले. रश्मीने मात्र मनाशी पक्कं धरलं की बापाला आपणच मारला. त्यानंतर त्या कंपनीचं नावसुद्धा तिने कधी उच्चारलं नाही. शेअरचं काय झालं हे बघायचा धीर तिलाही नव्हता आणि आईलाही. गावी यायची ती सकाळी, आणि दुपारच्या आत परत.

आज अडकली.

आधी वास आला. निलगिरीच्या तेलाचा, रामा गुडघ्यांना चोळायचा त्याचा. मग पडवीतून खर्... खर्... असा बारीक आवाज यायला लागला. रश्मी दारापाशी गेली. पडवीत कोणी नव्हतं. उन्हाची तिरीप फळीवर पडली होती, आणि सुतळी पहिल्या दोन खिळ्यांच्या मध्ये जराशी दबलेली होती. दाब पुढे सरकला. दुसरा खिळा, तिसरा खिळा... कोणी घाई न करता, जपून, चाचपत चाललं होतं. चढ. छोटा उतार. परत चढ. सगळ्यात उंच खिळ्यापाशी ते थबकलं.

"आता बघ," आई मागून कुजबुजली.

सुतळी झपकन खाली दबत गेली, थेट शेवटच्या खिळ्यापर्यंत. तिथं ती थरथरायला लागली. थरथर थांबेना.

"रोज इथंच अडकतो गो. मग संध्याकाळपर्यंत असाच. पुढं खिळाच नाय ना... तीन वर्षं झाली. मला बघवत नाय. त्याचं काय तरी कर."

भीती होतीच. पण त्याहून मोठा कळवळा रश्मीच्या छातीत दाटून आला. बाप तिथं उभा होता, घर बुडालं असं समजून उभा होता. तिने फोन काढला. रेंज एकच काडी. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने कंपनीचं नाव टाकलं आणि मागच्या भावांचं पान उघडलं. त्या महिन्यावर आली. एकशे अडुसष्ट, बरोबर. त्याच्या आदल्या महिन्यावर आली आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

तिथं आठशे पंधरा नव्हते. तिथं होते एकशे त्रेसष्ट.

तिने डोळे चोळले. त्याच्याही मागचा महिना बघितला. त्याचा खिळा समोर हातभर उंच, आणि पानावर भाव इवलासा. सगळेच भाव बदललेले. आपल्या डोळ्यांनी वाचलेले, आपल्या तोंडाने सांगितलेले, बापाने आपल्या हाताने ठोकलेले भाव, घडून गेलेले भाव, कोणीतरी मागं जाऊन बदलून आलं होतं. फळीवर सुतळी थरथरतच होती. क्षणभर रश्मीला वाटलं, हे पण बापाचंच काम. मग वाटलं, आपलंच डोकं फिरलं.

ती अंगणात धावली आणि साईनाथला फोन लावला. मेडिकलशेजारी त्याचं ऑनलाइन कामांचं दुकान होतं, आणि शेअरचं खातं उघडून देता देता त्याला स्वतःलाही तो नाद लागलेला.

"साईनाथ, मागचे भाव बदलतात का रे?"

"झोपेत आहेस का तू?" तो हसला. तिने सगळं सांगितलं, भूत वगळून. तिकडून टकटक ऐकू आली, आणि तो म्हणाला, "अगं येडे, तारखेखाली बारीक अक्षरात लिहिलंय बघ. त्या महिन्यात एका शेअरचे पाच झाले. एक भाकर होती, तिचे पाच तुकडे केले. तुकडा छोटा झाला, भाकर तेवढीच. आता आजच्या तुकड्याशी मागची आख्खी भाकर कशी ताडून बघणार? म्हणून पानावर मागचे सगळे भाव पण पाचाने भागून ठेवतात. तुझ्या बाबांचे जेवढे होते त्याच्या पाचपट शेअर पडलेत खात्यात."

"म्हणजे भाव पडला नव्हता?"

"पडला कुठं? एकशे त्रेसष्टचा एकशे अडुसष्ट झालाय. वाढलाय त्या महिन्यात."

रश्मी अंगणातच खाली बसली आणि पोटभर रडली. मग तोंड पुसून पडवीत गेली. फळीपासून चार हातांवर उभी राहिली, त्याहून जवळ जायचा धीर नव्हता, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. भाकर, तुकडे, पाचाचा भागाकार. "बाबा, तुमी बुडाला नव्हता," ती म्हणाली. "मी अर्धंच सांगितलं. मला पण ठाऊक नव्हतं... बाबा, ऐकताय ना?"

थरथर मंदावली. मग थांबली. सुतळी हलकेच वर उठली, बोट काढून घ्यावं तशी.

रेशनचा अंगठा त्या दिवशी राहिलाच. मायलेकींनी पक्कड घेतली आणि जुने सगळे खिळे उपटले. पानावर बघून पहिल्यापासून नवे ठोकले. आई बोटं मोजायची, रश्मी हातोडी मारायची. जो मोठा कडा वाटत होता तो गेला, आणि त्याच्या जागी हळूहळू चढत जाणारा बांध उभा राहिला. मधले उतार सगळे होते, पण पाऊल टाकता येईल एवढेच. गेल्या तीन वर्षांचे खिळे चांगले वर चढले. घरातली सगळी सुतळी संपली तेव्हा दिवेलागण झाली होती. त्या रात्री आई तीन वर्षांत पहिल्यांदा दोन भाकऱ्या जेवली.

महिनाअखेर आली. रश्मी मेडिकलमध्ये होती. बाजार बंद झाला तसा तिने भाव बघितला, आणि तिचं तोंड उतरलं. थोडा खाली आला होता. पहिलाच महिना, आणि उतार. तिने आईला फोन लावला. तिकडे उचलला गेला, पण कोणी हॅलो म्हणालं नाही. पंख्याची कुरकुर तेवढी येत होती... आणि संथ श्वास.

चार रुपये चढवून सांगावेत असं तिच्या मनात आलं. कोण बघायला येणार होतं? पण अर्ध्या बोलण्याने काय होतं ते तिने भोगलं होतं. तिने डोळे मिटले आणि होता तोच भाव सांगितला, दोनशे एक्क्याण्णव.

मग ठक. ठक. ठक. आणि फोन ठेवला गेला.

दिवस मावळताना आईचा फोन आला. "मी सकाळपासून शेजारच्या रंभाच्या लेकीच्या हळदीला होते गो. फोन घरीच राहिला, घराला कुलूप. आता येऊन बघते तर नवीन खिळा. तू आलेलीस काय?"

"नाय आई."

आईने खिळ्यापर्यंत बोटं मोजली. "मागच्यापेक्षा खाली बसलाय, गो."

"बरोबर बसलाय. भाव जरा उतरलाय या महिन्यात." रश्मीला पुढचं विचारायला जड गेलं. "घाबरल्यासारखं वाटतं का तिथं? सुतळी हलते का?"

"नाय. शांत हाय एकदम." आईचा आवाज आणखी खाली आला. "उलट त्यानं पुढच्या खिळ्यांसाठी चांगली वावभर, दोन्ही हात पसरून मोजावी एवढी सुतळी सोडून ठेवलीय. नवी कोरी हाय... आपल्या घरात तर सुतळी उरलीच नव्हती."