दवाखान्याच्या भिंतीवरचा लांबलचक शब्द

शाळा सुटून उतारावरून घरी निघालेली शिक्षिका मर्ल नव्या दवाखान्यासमोर थबकली. शिडीवर चढून एक रंगारी भिंतीवर 'ऑफ्थॅल्मॉलजी' लिहीत होता. पण भिंत आखूड पडली, अन् शेवटचा 'जी' खालच्या ओळीत एकटाच लोंबत राहिला.

"अहो, त्या बिचाऱ्या 'जी'ला वाळीत का टाकलंत?"

त्यानं खाली पाहिलं. गालावर निळा रंग, डोळ्यांत हसू. "भिंतच संपली, मिस. कुठे तोडू?"

"टाळ्या वाजवून बघा. ऑफ, थॅल, मॉ, ल, जी... पाच टाळ्या. जोर 'मॉ'वर. म्हणून वर ऑफ-थॅल, खाली मॉ-ल-जी." पहिलीच्या पोरांना ती हेच शिकवायची.

"अन् दोन्ही हात सोडले तर शिडी कोण धरेल?"

"मी धरते की."

त्यानं वाजवल्या. सहा.

"पाच सांगितल्या होत्या –"

"सहावी तुमच्यासाठी."

मर्लनं शिडी सोडली नाही, मान मात्र दुसरीकडे वळवली.

त्याचं नाव अँसेल्म. कॅरिआकू बेटावरून कामापुरता ग्रेनाडाच्या मोठ्या बेटावर आलेला. सगळी अक्षरं खरवडून तो पुन्हा लिहायला बसला, आणि मर्ल रोज शाळा सुटली की खारा मासा भरलेले गरम बेक्स, म्हणजे तळलेले पाव, घेऊन हजर.

"या शब्दाचं पुढचं अंग म्हणजे डोळा," ती म्हणाली, "मागचं म्हणजे अभ्यास."

"डोळ्यांचा अभ्यास? तो तर मी तीन दिवस करतोय."

"कुणाच्या... डोळ्यांचा?"

"समोरच्या."

"मग परीक्षा कधी?"

त्याचं हसू मावळलं. "शुक्रवारी बोट आहे, मर्ल. काम संपलं."

शुक्रवारी नेमकी मुख्याध्यापिकांनी बैठक लांबवली. सुटल्याबरोबर मर्ल चपला हातात घेऊन बंदराकडे पळत सुटली. बोटीचा भोंगा झाला होता, दोर सुटत होता. कठड्याशी अँसेल्म उभा, नजर चढावाकडे.

वाटेत जुळवलेलं सगळं ती विसरली. "जाऊ नकोस," एवढंच निघालं. "मला आवडतोस तू."

आधी रंगाची पेटी धक्क्यावर आदळली, मग तो. खलाशानं त्याला शिव्या घातल्या. त्याच्या ते गावीही नव्हतं.

"तिकडे कॅरिआकूला आई जेवायला थांबली असेल," तो धापा टाकत म्हणाला. "काय सांगू तिला?"

मर्लनं त्याची विस्कटलेली कॉलर सरळ केली.

"सांग, रविवारी येतो. आणि एक ताट जास्त वाढ."