एकतीस तारखेची यादी

पहिल्याच भेटीत त्याने मला शिव्या घातल्या, आणि त्या आपण हिलाच घालतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

मावशीचा बोका सरदार कान खाजवून खाजवून रक्त काढत होता, म्हणून त्याला टोपलीत घालून मी जनावरांच्या दवाखान्यात गेले होते. बाहेर धो धो पाऊस, आत ओल्या कुत्र्यांचा वास. डॉक्टर बाह्या कोपरापर्यंत दुमडून संगणकासमोर उभा होता आणि दातओठ खात होता.

"मेल्या टाचणी! एकदा समोर ये, मग दाखवतो तुला!"

माझ्या हातातून टोपली सुटायचीच बाकी होती. कारण टाचणी म्हणजे मी!

सांगते. कॉलेजात असताना मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. दिलेल्या तारखेवरून पुढची आठवण कधी पाठवायची, एवढंच तो ठरवतो. टाचणी या टोपणनावाने इंटरनेटवर टाकला आणि म्हटलं, घ्या, वापरा, फुकट! लोकांनी घेतला की. दवाखाने, ग्रंथालयं, गॅरेजं... आज हजारो ठिकाणी तो दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसलाय, आणि सांभाळणारी मी एकटी. नोकरीआधी एक तास, नोकरीनंतर दोन. सकाळी डोळे उघडायच्या आत हात फोनकडे जातो. आज कुणाचं काय मोडलं?

"कोण हो हा टाचणी?" मी विचारलं. आवाज जरा बारीकच निघाला.

"आहे एक खडूस काका. काकाच असणार!" तो सरदारला टेबलावर घेत म्हणाला. "एकतीस तारखेला लस दिली की महिन्याने मालकाला निरोप जायला हवा. पण पुढच्या महिन्यात एकतीस तारीखच नसली, की याचा प्रोग्रॅम गप्प! तीनदा लिहून कळवलं. तिन्ही वेळा साठ दिवसांनी उत्तर आलं — हालचाल नाही, सबब तक्रार बंद. यंत्राचं उत्तर हो, माणसाचं नाही."

ते यंत्र मीच बसवलं होतं. चारशे तक्रारी साठल्या होत्या; तो आकडा दिसला की मी पानच बंद करायचे. यंत्र आलं, आकडा उतरला, मी सुखाने चहा प्यायले. उत्तर मी देत नव्हते म्हणून हालचाल नव्हती, आणि हालचाल नाही म्हणून दारही मीच लावत होते. वा गं शहाणे!

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्याने सरदारचा कान इतक्या अलगद उलटला...

"चावतो हं तो," मी म्हटलं.

"चावू दे. माझा कान एवढा दुखत असता तर मीही चावलो असतो."

मला हसू आलं. त्यानेही वर बघितलं — एकच क्षण. आणि मी आपली बोलून गेले, "मला संगणकातलं थोडंफार कळतं. तुमचं काम बघू का?"

थोडंफार म्हणे!

चूक सापडायला दहा मिनिटं लागली. दुरुस्ती पाठवायला मात्र दोन दिवस. बटणावर बोट ठेवून बसायचे आणि उचलायचे. हजारो ठिकाणी जाणार ती. दुसरंच काही मोडलं तर? शेवटी डोळे मिटून दाबलं. पण जे निरोप गेलेच नाहीत, ते काही परत येणार नव्हते. मी त्याच्या संगणकातून यादी काढून दिली. एकतीस तारखेला लस घेतलेली आणि पुढची चुकलेली त्रेचाळीस जनावरं. रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी दवाखान्यात जायचे, आणि आम्ही समोरासमोर बसून मालकांना फोन लावायचो.

"कडक मालक तुमच्याकडे," तो म्हणाला. "तुमचा आवाज गोड आहे."

"आणि तुमच्याकडे?"

"माझ्याकडे... गोड मालकिणी."

"छान! सोय बघून घेतलीत की."

"का हो? जळताय?"

"मी? हॅ!" म्हणत मी चुकीचा नंबर फिरवला. कुठल्याशा लाँड्रीत लागला. तो पोट धरून हसत होता, आणि मला वाटलं, हा असाच हसत राहावा, याला कधीच काही कळू नये.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "टाचणीकाकांनी दुरुस्त केलं बरं का! चक्क माफीही मागितलीय. बायकोने झापलं असणार."

चहाचा ठसका लागला मला. तो धावत पाणी घेऊन आला, पेला देताना बोटं जरा जास्तच रेंगाळली... आणि मला दुसऱ्यांदा ठसका लागला. बघता बघता सहा दिवस झाले. एक दिवस न सांगणं ही चूक म्हणता येईल. पण सहा दिवस? ती लबाडीच. सांगितलं तर हा जाणार. न सांगावं, तर हा ज्या मुलीकडे बघून हसतोय ती मी नव्हेच.

यादीतला एकोणतिसावा नंबर कुणी उचलतच नव्हतं. सातव्या दिवशी त्या नंबरचे मालक स्वतःच आले, एक निवृत्त पोस्टमन. स्वेटरमध्ये गुंडाळलेलं पिल्लू उलट्या करून करून चिंधीसारखं लुळं पडलं होतं.

"निरोप आला नाही हो डॉक्टर," ते म्हणाले. "म्हटलं, वेळ झाली की तुम्ही कळवालच."

तो त्यांना बाहेर बाकावर बसवून आला आणि सुई काढता काढता खालच्या आवाजात म्हणाला, "त्या काकाला इथे आणून उभं करायला हवं."

"काका नाहीये," मी म्हटलं. "मी आहे. टाचणी मीच. तक्रारी बंद करणारं ते यंत्रही मीच बसवलं, तक्रारींची भीती वाटायची म्हणून. तुम्हाला सांगितलं नाही, कारण... कारण मला तुम्ही फार आवडता. झालं."

तो सुई हातात तशीच धरून माझ्याकडे वळला.

"या दोन गोष्टी कुणी एका दमात सांगतं?"

"दुसऱ्यांदा दम पुरला नसता."

तो हसला नाही. "किती जण आहात तुम्ही तिथे?"

"मी."

"मदतीला?"

"मीच."

तो पिल्लाच्या पायावर शीर चाचपायला लागला.

"मी रागावलोय," तो म्हणाला.

"हो."

"खूप."

"हो... मी जाते."

"जा म्हटलंय का मी? पाय धरा त्याचा. शीर सापडत नाहीये मला."

पुढचे चार दिवस मी ऑफिस सुटलं की पिंजऱ्यासमोर फरशीवर बसायचे. ते यंत्र मी काढून टाकलं, बंद झालेल्या तक्रारी पुन्हा उघडल्या. चारशेहून जास्तच निघाल्या. त्या तक्रारींच्या वर लिहिलं, "मी इथे एकटी आहे, मला मदत हवी आहे." दोघांनी लगेच हात वर केले, कुठल्या कुठल्या देशांतले! पण ही बातमी सांगू कुणाला? तो माझ्याशी मोजकंच बोलायचा. "टॉवेल." "पाणी." "सलाईन बघा." मी त्या एकेका शब्दाचा अर्थ लावत घरी जायचे. मावशी म्हणायची, "अगं, जेव तरी, पिल्लू तुझं आहे का?" तिला काय सांगणार, पिल्लाइतकीच दुसरीही काळजी आहे म्हणून!

पाचव्या दिवशी पिल्लू उठलं. चारही पाय चार दिशांना, पण उठलं! उठलं ते थेट पाण्याच्या वाडग्यात पडलं, आणि माझ्याकडे बघून वर भुंकलं.

"डॉक्टर! अहो, उभं राहिलं! लवकर या, बघा!"

तो दारातच होता. बराच वेळ असावा; हाताची घडी घालून, चौकटीला टेकून. आणि तो पिल्लाकडे बघत नव्हता.

"राग..." मी वाडगा सरळ करत म्हटलं, "राग गेला का हो?"

"परवाच गेला."

"परवा? मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून यायचं बंद केलं असतं," तो म्हणाला. "तीच भीती वाटत होती."

"लबाड कुठले!" मी म्हणाले, आणि त्या गार फरशीवर बसल्या बसल्या मला रडू फुटलं. तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्याने माझा हात घट्ट धरला.